रोझामावशीच्या दोन मुठी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. शाळेत पोराने पोट दुखतं म्हटलं की त्याला जीभ दाखवायला लावणारा, दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणारा मी माणूस. देवाशीही माझं वागणं फारसं वेगळं नव्हतं. प्रार्थना रोज करायचो, पण डोळे मिटले की देव ऐकतोय की नाही याची पाळत ठेवत बसायचो. अशा माणसावर कृपा करायची म्हणजे प्रभूलाही वाट वाकडी करावी लागली असणार. ती वाट माझ्या संशयातूनच गेली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला आमची ख्रिस्ती वस्ती होती, पंधरा-वीस घरांची. मी तिथल्या शाळेचा मास्तर आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच. पाळकसाहेब बारामतीला राहायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकल मारत प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटायला, यायचे. शहरात त्यासाठी पाव आणतात असं ऐकून होतो. आमच्याकडे ज्वारीची भाकर असे, आणि द्राक्षारस म्हणून मनुका उकळून गाळलेलं पाणी. ती भाकर कुणा एका घरची नसायची. आदल्या शनिवारी प्रत्येक घरातून मूठभर पीठ आमच्या ओसरीवरच्या पितळी पातेल्यात येऊन पडायचं. सगळं एकत्र कालवून माझी बायको पहिली मोठी भाकर प्रभुभोजनासाठी थापायची आणि उरलेल्या पिठाच्या भाकरी पाळकसाहेबांच्या जेवणाला व्हायच्या. वाडवडिलांपासून चालत आलेली ही रीत. पातेल्याजवळ कोण आलं, कोण नाही, हे बघत बसणं हे माझं पंचपण.

त्या साली नवे पाळकसाहेब आले. तरुण, शिकलेले, बोलायला गोड. त्यांनी पहिल्याच उपदेशात सांगितलं की भाकर ही प्रभूच्या शरीराची केवळ खूण आहे, खरं शरीर नव्हे. भिंतीवरचा वडिलांचा फोटो म्हणजे काही वडील नव्हेत, तसंच हे. मला ते एकदम पटलं. संशयी माणसाला असं काही मिळालं की तो निर्धास्त होतो. पण मागच्या रांगेत रोझामावशी बसली होती. ती मूळची नगरकडची, कॅथोलिक घरातली. नवरा वारल्यावर दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत राहायला आली होती, आणि पलीकडच्या एका पेरूच्या बागेत रोजाने जात होती. उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो कुणी खातं का, साहेब?"

लोक हसले. पाळकसाहेबही हसले, पण वाद सुरू झाला तो झालाच. मावशीचं म्हणणं साधं होतं. प्रभूने स्वतःच्या हाताने भाकर मोडून आपलं शरीर म्हणून दिली, मग ती शरीरच आहे, आपण कोण त्यातून पळवाट काढणार. तिला खाली सांडलेला कण दिसला की ती ओल्या बोटाने टिपून तोंडात टाकायची. हळूहळू दोन तट पडले. कुणी मुद्दाम कण झटकून टाकू लागलं, कुणी मुद्दाम वेचू लागलं. कालव्यावर धुणं धुताना बायका त्यावरून भांडल्या. दोघे सख्खे भाऊ उपासनेला वेगवेगळ्या सतरंज्यांवर बसू लागले. त्या साऱ्यांच्या मधोमध मी, खुणेच्या पक्षाचा पुढारी.

खरं सांगायचं तर मला वादापेक्षा मावशीच्या पदरात जास्त रस होता. ती भाकरीचा तुकडा घ्यायची, त्यातला अर्धा खायची आणि उरलेला अर्धा हळूच पदराच्या गाठीत बांधायची. हे मी तीन महिने बघितलं. शिवाय आणखी एक गोष्ट मला खटकत होती. घरटी एक मूठ पीठ ही रीत, पण ही एकटी बाई शनिवारी दोनदा हात रिकामा करायची. एक तिची मूठ, आणि फडक्यात बांधून आणलेलं वर आणखी. तेही मुठीपेक्षा जास्तच. एकट्या बाईला दोन मुठी कशाला, हा प्रश्न मी बायकोला विचारला तर ती म्हणाली, देणाऱ्याला कधी कुणी असं विचारतं का. पण माझं डोकं थांबेना. भाकरीचा तुकडा बाई नेते कुठे? धान्य सरू नये म्हणून कणगीत ठेवते, की कुणाच्या अंगावरून उतरवते? की तिच्या कॅथोलिक फादर लोकांनीच आमची मंडळी फोडायला हिला धाडलं आहे? हे सगळं मी पंचांच्या कानावर घातलं. पुढच्या प्रभुभोजनानंतरच्या शनिवारी बारामतीला पाळकसाहेबांच्या घरी बसायचं ठरलं. माझी साक्ष पक्की निघाली तर मावशीला प्रभुभोजनातून बंद करायचं आणि पटावरून तिचं नाव काढायचं. नाव काढलं की वस्तीतलं घरही गेलं, कारण ती घरं मंडळीची होती. त्या बाईला दुसरं छप्पर नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मला झोप चांगली लागत होती.

साक्ष पक्की करायची म्हणून त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी मावशीच्या मागे निघालो. भर दुपार होती. मावशी कालव्याच्या भरावावरून कळसच्या दिशेने भरभर चालत होती आणि मी शंभर पावलं मागे, टोपी डोळ्यांवर ओढून, बाभळींच्या आडून. पंच म्हणवणारा माणूस असा चोरासारखा चाललेला कुणी बघितला असता तर पोटभर हसला असता. मैलभर गेल्यावर ती एकदम मागे वळली. मी झाडाआड व्हायला बाजूला झालो, तर पाय पडला तो भरावाच्या ढिसाळ मातीवर. धरायला काही नव्हतं. मी थेट पाण्यात गेलो.

नुकतंच पाणी सुटलेलं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. मला पोहता येत नाही. दोनदा वर आलो, दोनदा आत गेलो. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा मनात प्रार्थना नव्हती, शास्त्र नव्हतं, फक्त धरायला काहीतरी हवं होतं. तेवढ्यात तोंडावर घोंगडी येऊन पडली. मी ती दोन्ही हातांनी धरली. काठावर एक माणूस घोंगडीचं दुसरं टोक कमरेला गुंडाळून, पाय रोवून, पाठीमागे रेलत मला ओढत होता. मावशीने मागून त्यालाच कमरेत धरलं होतं. मी काठावर पालथा पडलो, पाणी ओकलो, आणि मान वर केली.

त्याने घोंगडी हाताने का ओढली नाही, ते तेव्हा कळलं. त्याच्या हातांना बोटं नव्हती. मी झटकन मागे सरकलो. ज्याने आत्ता मला मरणातून काढलं त्याच्यापासून मी मागे सरकलो, हे मी आज लिहितानाही लाजतो. त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग मी चेहरा ओळखला. ते दाऊदतात्या होते. कधीकाळी आमच्या मंडळीत उपासनेची घंटा वाजवणारे. महारोग उमटला तेव्हा तात्यांना समजावून सांगायला पंचांनी मला धाडलं होतं. घरीच प्रार्थना करा, देव सगळीकडे आहे, असं मी गोड शब्दांत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वस्ती सोडून गेले. कुठल्याशा दूरच्या दवाखान्यात वारले, असं आम्ही सोयीने धरून चाललो होतो. ते गोळ्यांनी बरे होऊन दोन वर्षांपूर्वीच परतले होते आणि मावशी रोजाने जायची त्याच, कालव्याला लागून असलेल्या पेरूच्या बागेची राखण करत होते. आता माझ्यापासून कुणाला काही होत नाही, असं डॉक्टरने लिहून दिलेला कागद त्यांनी खोपीच्या आढ्याला खोचून ठेवला होता. पण वस्तीत यायला त्यांचं मन धजलं नव्हतं.

मावशीने मला खोपीच्या सावलीत बसवलं, आणि माझ्यादेखत पदराची गाठ सोडली. तिच्या माहेरी आजारी माणसाला प्रभुभोजन घरी नेऊन देतात, तेवढंच ती करत होती. तात्यांनी दोन मनगटांमध्ये तो तुकडा धरला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. मग मावशीला तो मोडायला सांगितला आणि त्यातला अर्धा दोन्ही तळव्यांवर घेऊन माझ्यापुढे केला.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नको तात्या, मी उपासना करून आलोय, मला पोचलं."

मी वर्षभर सांगत होतो की ही नुसती खूण आहे, नुसती ज्वारी आहे. मग नुसत्या ज्वारीला मी इतका का भ्यायलो? तात्या मनापासून हसले. म्हणाले, "मास्तर, माझं पीठ तर तुमी दोन वरसं दर महिन्याला खाताय. रोझा आणती ती दुसरी मूठ माझीच हाय. मूठ वळत न्हाय म्हणून ओंजळीनं घालतो, जरा जास्त जातं."

दोन वर्षं जे पातेलं मी डोळ्यांत तेल घालून राखलं त्यात तात्यांची ओंजळ पडत होती. आम्ही ज्याला बाहेर घालवलं तो आमच्या भाकरीत होता, आमच्या पोटात होता, आणि मी त्याच भाकरीवरून त्याला भाकर पोचवणाऱ्या बाईला घराबाहेर काढायला निघालो होतो. मला रडू आलं. अगदी मोठ्याने. तळव्यांवरचा तो तुकडा मी उचलला आणि खाल्ला. तोंडात कालव्याच्या गाळाची चव होती, तरी ती भाकर मला कळली.

शनिवारी बारामतीला पाळकसाहेबांच्या ओसरीवर आम्ही बसलो. मी साक्ष दिली, पण ती मावशीविरुद्ध नव्हती. कालव्यात पडल्यापासून तात्यांना सबब सांगून तुकडा नाकारण्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि तात्यांना पूर्वी मीच घालवलं होतं हेही. मग माझ्याच पक्षाच्या एका पंचाने विचारलं, की मास्तर, तो तुकडा तुम्ही शरीर मानून खाल्लात की खूण मानून?

मी म्हणालो, "मला भीती वाटत होती, तरी खाल्ला. ह्यापलीकडचं मला ठाऊक नाही."

पाळकसाहेबांनी समोरची वही मिटली. पुढच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी भाकरीची थाळी रुमालाने झाकली आणि मावशीला पुढे चालायला सांगितलं. त्यांच्यामागे मी होतो, माझ्यामागे ते दोघे भाऊ होते, आणि भरावावर येईपर्यंत निम्मी वस्ती मागे आली होती. भीती सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण परत कुणी फिरलं नाही.

वाद पुरता मिटला असं नाही. आजही आमच्यात दोन्ही मतांची माणसं आहेत. मला विचाराल तर मी हात पुढे करतो, जे हातावर पडेल ते घेतो, आणि देणाऱ्याने ते काय म्हणून दिलं हे त्याच्यावरच सोपवतो. आयुष्यभर मी देवाला तपासत आलो. त्या दुपारी पाण्यात हातपाय मारताना एकदाच तपासायचं सोडून दिलं, आणि तेवढ्यात त्याने घोंगडी टाकली. त्याचे उपकार फेडण्याजोगं माझ्याकडे काही नाही.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मावशी नेहमीसारखी आली आणि पातेल्यापाशी तिने एकच मूठ घातली. मी चमकलो. जुना संशय क्षणभर उफाळून आलाच. दुसरी कुठं आहे, म्हणून विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात अंगणात दाऊदतात्या दिसले. ओंजळ भरलेली होती, आणि सांडू नये म्हणून ते अगदी हळू पावलं टाकत येत होते. मी उठलो आणि पातेलं उचलून त्यांच्यापर्यंत नेलं.