तेलाच्या दोन नळ्या

सुखदेव मिस्त्री गेल्याची बातमी मला लोणारहून आलेल्या बसच्या ड्रायव्हरने दिली. दुकानासमोर त्याने गाडी थांबवली आणि पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "भाऊ, मिस्त्री गेले. सकायी." एवढं सांगून तो पुन्हा गाडीत चढला, कारण आत माणसं खोळंबली होती. मी हातातलं कापड मोजून पुरं केलं, गिऱ्हाइकाला दिलं, आणि मग बसलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सुखदेव आणि मी मेहकरच्या शाळेत सातवीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे मी वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो आणि तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला. सात-आठ वर्षांनी परतला आणि बसस्टँडमागे पत्र्याची शेड घालून त्याने गॅरेज टाकलं. ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर, जीपगाड्या, सगळं त्याच्याकडे येई. एका वर्गातले आम्ही. पण तो मला 'तुम्ही' म्हणे आणि मी त्याला 'तू'. हे दोघांच्याही इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

महाराष्ट्र नवा झाला त्या सुमारास मला मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं. अकोल्याहून मी एक जुनी, छोटी विलायती मोटार आणून सुखदेवच्या शेडमध्ये उभी केली. चार-पाच महिने आम्ही तिच्यामागे होतो. टप काढला, मागची सीट काढली, जाड पत्रा उतरवून हलका बसवला. गाडी पळू लागली. पण आपल्याकडच्या उन्हात दहा मैल जोरात नेली की इंजिनातलं तेल पातळ होई आणि दाबाचा काटा खाली बसे. सुखदेवने उपाय काढला. पुढे, रेडिएटरशेजारी, एक छोटी जाळी बसवायची. एका नळीने तापलेलं तेल तिच्यात न्यायचं आणि गार झालं की दुसरीने परत आणायचं.

मला वाटलं, दोन नळ्या लावायच्या म्हणजे एका दिवसाचं काम. सुखदेवने तीन आठवडे घेतले. बाजारात मिळेल त्या नळीचा वीतभर तुकडा तो आणी आणि स्टोव्हवर तापवलेल्या तेलात दुपारभर बुडवून ठेवी. साधी रबरी नळी फुगली आणि बोटाने दाबली तर दबू लागली. दुसरी एक टिकली, पण तिचं भोक बारीक होतं. इंजिनाला तेल पुरलं नसतं. शेवटी धरणाच्या कामावर मोडीत निघालेल्या बुलडोझरच्या नळ्या त्याने मिळवल्या. जाड, आतून तारेची जाळी विणलेल्या. त्यांचे जोड आमच्या इंजिनाला लागेनात, तेव्हा खामगावला जाऊन एका जिनिंग कारखान्याच्या लेथवर त्याने स्वतः जोड कातून आणले. इंजिन हलतं, म्हणून नळी चार बोटं लांब ठेवली. ताठ नळी काटकोनात वळत नाही, म्हणून तिला मोठा बाक दिला. गाडीच्या तोंडाबाहेर त्या दोन नळ्या रेड्याच्या शिंगांसारख्या दिसत. काटा मात्र पुन्हा खाली बसला नाही. मेहकर ते लोणार आणि परत, भर दुपारी, मी स्वतः पाहिलं.

शर्यत दक्षिणेत एका जुन्या धावपट्टीवर होती. गाडी ट्रकवर घालून आम्ही दोघं गेलो. तिथल्या गाड्या नीटनेटक्या, रंगवलेल्या. आमच्या गाडीभोवती लोक जमले, आणि कुणीतरी त्या नळ्यांकडे बोट दाखवून हसलं. तेवढं मला पुरलं. तिथेच एका तंबूत सुटे भाग विकायला होते. काळ्या सुबक नळ्या, चकचकीत काटकोनी जोडांसकट, मी घेऊन आलो आणि सुखदेवच्या हातात ठेवल्या.

त्याने जोड इंजिनावर धरून बोटांनी फिरवला. मग काढला, आटे पाहिले, पुन्हा फिरवला.

"दोन आटे बसते, मंग अडते," तो म्हणाला. "आट्याची चुडी येगळी हाय, भाऊ. हे आपल्या इंजिनाचं नाही."

पान्याने आवळ, मी म्हणालो. आवळल्यावर बसेल, पण धरणार नाही, असं त्याचं म्हणणं. हे तो दोनदा बोलला. तिसऱ्यांदा बोलणार होता, तेव्हा मी म्हणालो, "गाडी माझी आहे, सुखदेव."

त्याने पाना उचलला.

सरावाच्या तिसऱ्या फेरीत जोड इंजिनातून निसटला. तेल धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर पडलं, पेटलं, आणि मागची चाकं त्याच तेलावरून घसरली. गाडी कडेच्या पिंपांवर आदळून आडवी झाली. माझा पाय आत अडकला होता. सगळ्यांत आधी पोचला तो सुखदेव. त्याने मला ओढून काढलं तेव्हा उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर, कोपरापासून खाली, सांडत होतं. माझं गळपट्टीचं हाड मोडलं, ते सांधलं. त्याची दोन बोटं पुढे कधी पुरती वळली नाहीत.

मेहकरात बातमी आमच्याआधी पोचली. मिस्त्रीचा पाइप फुटला म्हणे. दुकानात लोक विचारत, आणि मी म्हणत असे, यंत्र आहे, होतं असं. यात खोटं काही नव्हतं. खरंही नव्हतं. ट्रॅक्टरवाले हळूहळू चिखलीला जाऊ लागले. वर्षभरात शेड बंद झाली आणि सुखदेव बसच्या आगारात नोकरीला लागला.

त्यानंतर पंधरा वर्षं तो दर जूनमध्ये मुलांच्या शाळेचं कापड घ्यायला माझ्याकडेच येई. हात कसा आहे विचारलं तर "चालते" म्हणे. एकदाच, दुकानात कुणी नव्हतं तेव्हा, मी सुरुवात केली, "सुखदेव, ती नळी..." त्याने समोरचं कापड उलटून पाहिलं आणि विचारलं, "हे धुतल्यावर आटते का?" नाही आटत, मी म्हणालो. विषय तिथेच राहिला.

बातमी आली त्या दिवशी मी गेलो नाही. गर्दीत मला उभं राहवलं नसतं. आठवड्याने त्याच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्याचा आगारातल्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो होता. त्याच्या पत्नी कौसल्याबाई समोर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. नळी माझी, हट्ट माझा. तो नको म्हणत होता. त्या खाली पाहत ऐकत होत्या.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तवापासून. ते म्हनत, पाना माह्या हातात होता. मी ठेवून द्याले पायजे होता."

तो नाहीच म्हणाला होता, दोनदा, मी ऐकलं नाही, असं मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हे मले काऊन सांगता, भाऊ?" त्या म्हणाल्या. "लोकायले सांगा."