‘येगो’वरचा आघात

टायरच्या दुकानावरच्या खोलीत स्पॅनिश शिकवणाऱ्या या गृहस्थांना विद्यार्थी ‘आघातसर’ म्हणत. क्रियापद हाती लागलं की सर आधी त्याचे तुकडे पाडत. प्रत्येक तुकड्याला टेबलावर टिचकी, आणि आघात, म्हणजे आवाजाचा जोर, पडेल तिथे सणसणीत थाप. टोपणनाव त्यांना पदवीसारखं वाटे.

घरीही तोच तास. मुलगी धावत येऊन पहिला नंबर आल्याचं सांगायची, सर आधी तिचा उच्चार सुधारायचे. कौतुक नंतर, वेळ उरला तर. तो कधी उरला नाही. शेवटी पोरीने स्पॅनिश बोलणाऱ्या देशात नोकरी धरली आणि बापाशी बोलणंच टाकलं. एवढी भाषा शिकवल्याचं चीज झालं म्हणायचं! सर म्हणत, “माझं काय अडलंय?” आणि तासातासाला फोन बघत.

यंदा मात्र त्यांनी गुपचूप तिला एक स्वेटर पाठवला. मग एका सकाळी तिचा स्पॅनिशमध्ये मेसेज आला: ‘येगो एल दोमिंगो.’ मी रविवारी येते. सरांना आभाळ ठेंगणं झालं.

पण हाडाचा मास्तर तो, तपासल्याशिवाय आनंदालाही घरात घेईना. ‘येगो’तल्या शेवटच्या ‘ओ’ अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असती तर थाप ‘गो’वर पडली असती, आणि अर्थ झाला असता ‘रविवारी पोचला’. पोरगी तर लहानपणापासून रेघा गाळणारी! म्हणजे स्वेटर पोचला, दुसरं काय. सुंभ जळाला तरी पीळ कुठला जळायला! सरांनी उत्तर धाडलं: ‘स्वेटर पोचला, कळलं. पण ये-गो. आघात दुसऱ्या अक्षरावर. रेघ विसरलीस.’

थोड्या वेळाने मराठीत उत्तर आलं: ‘बाबा, कसला स्वेटर नि कसली रेघ? मी येणार होते. आता नाही येत.’

सरांनी घाईघाईने लिहिलं, ‘ये गं.’ तिने ते वाचल्याचं फोनवर दिसलं. पुढे काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये नेमकं तेच क्रियापद निघालं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, ‘येगो’त आघात कुठे बसतो?”

“घरी,” सर म्हणाले, आणि खडू शोधायला लागले. खडू हातातच होता.