वकीलसाहेबांची हरकत

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे आयसीयूत किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कधी कुठला बाहेर येईल याचा नेम नाही.

मी फिजिओथेरपिस्ट, अमरावतीत राजापेठेजवळच्या एका हॉस्पिटलात. लग्नाकार्यात मी दिसले की लोक गुडघे पुढे करतात. माझं खरं काम मात्र वेगळं आहे. फुफ्फुसांच्या भयंकर आजारात माणूस बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिला, की कधी कधी फुफ्फुसं सुधारतात आणि हातापायांच्या नसा आणि स्नायूच संपावर जातात. मेंदू जागा असतो, कान शाबूत असतात, सगळं कळत असतं; पण करंगळीसुद्धा हलत नाही. अशा माणसाच्या अंगात ताकद कुठे उरलीय, ते मी शोधत बसते.

*

आमचे परांजपे सर पुण्याचे. नवीन आले तेव्हा बडनेऱ्याच्या एका आजींच्या सुनेला त्यांनी राउंडवर विचारलं, "आज पाय कसा आहे?"

"पाय हालून राहिला, सर."

सरांचा चेहराच पडला. पुण्यात पाय राहिला म्हणजे पाय गेला! काल कुठे हलायला लागला होता, आज राहिलासुद्धा? त्यांनी न्यूरोलॉजिस्टला फोन लावला आणि हातोडी घेऊन आजींच्या पायाशी आले. आजींनी त्याच पायानं सरांचा हात हळूच बाजूला सारला.

सून म्हणाली, "सांगतलं न सर, हालून राहिला म्हनून!"

*

मग आले वानखडे वकील. कोर्टात उजव्या हाताचं बोट वर करून "हरकत आहे!" म्हणाले, की बाहेर चहावाला दचकायचा म्हणतात. न्युमोनियानं दोन्ही फुफ्फुसं एक्स-रेत पांढरीफटक झाली होती. पुढे ती निवळली, झोपेची औषधं बंद झाली आणि साहेबांनी डोळे उघडले. घशात व्हेंटिलेटरची नळी, त्यामुळे बोलणं बंद; बाकी अंग मात्र जिथल्या तिथे.

आमच्या नसीम सिस्टर अकोल्याच्या. अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी बोलतात. त्यांनी बाहेर जाऊन वकिलांच्या पत्नीला सांगितलं, "काकू, साहेब शुद्धीवर आले. पन काहीच हरकत नाही."

काकू चमकल्या. "यांची हरकत नाही? कायलेच नाही? सिस्टर, तुमी दुसऱ्याच पेशंटचं सांगून राहिल्या."

आम्ही हसलो, काकूही हसल्या. मग मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सिस्टरांची हरकत हिंदीतली, म्हणजे हालचाल. काकूंचं हसू तिथंच विरलं. त्या दिवशी मला माझ्या हसण्याचा फार राग आला.

*

स्नायूची ताकद आम्ही पाचापैकी मोजतो. काहीच नसेल तर शून्य. सांधा हलला नाही, पण कातडीखाली नुसतं फडफडलं, तर एक.

साहेबांना मी रोज म्हणायची, "बोट वर करा, साहेब." आणि बोट उचलणाऱ्या स्नायूवर, कोपराच्या खाली, माझं बोट ठेवून वाट बघायची. एके दिवशी तिथं काहीतरी फडफडलं.

"काकू, एक मिळाला!"

काकू शाळेत गणित शिकवायच्या. "पाचापैकी एक? म्हंजे नापासच."

"कालपर्यंत शून्य होता."

"कुठं?" विचारून काकूंनी त्या जागेवर आपलं बोट ठेवलं आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मी हे काम करते, पण ते तेवढंसं फडफडणं बोटाला लागलं की अजूनही अंगावर काटा येतो. देव असलाच तर तो तिथंच कुठेतरी असावा असं वाटतं.

*

साहेबांचे थोरले भाऊ दर्यापूरकडे शेती करतात. बाप लवकर गेला, म्हणून यांनीच धाकट्याला वकील केलं. त्यांना तो एक मार्क पटेना.

"बसलेला बैल उठत नसते, सर," ते म्हणाले. "कायले त्याचे हाल करता? घरी नेतो."

श्वास घेणारे स्नायूही तितकेच दुबळे होते. व्हेंटिलेटर काढला असता तर साहेब शेजारच्या बडनेऱ्यापर्यंतही पोचले नसते. सरांनी ते समजावलं, आणि आपली नवी वऱ्हाडीही वापरून पाहिली. "भाऊ, तुमचा बैल उठून राहिला आहे."

"सर," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "नुसतं 'उठून राहिला' म्हना. 'आहे' पुन्याले ठेवा."

*

भाऊ मात्र हटेनात. सर म्हणाले, "त्यांना सगळं ऐकू येतं. डोळे मिटा म्हटलं की मिटतात."

"डोये तं झोपेतबी मिटते," भाऊ म्हणाले. पण थोड्या वेळानं स्वतःच आत आले. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी नाही म्हनते. पन माह्यं कोन ऐकते?"

भाऊंनी धाकट्याच्या कपाळावर हात ठेवला.

"बाप्पा, लय सोसलं तू. घरी नेतो तुले. तुह्यी काई हरकत नाही न?"

साहेब त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. भाऊंनी मान खाली घातली, हात काढला आणि ते दाराकडे वळले.

तेव्हा चादरीवर पडलेल्या उजव्या हाताचं बोट थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं आणि चादरीपासून वर उठलं. तिथंच राहिलं.

नसीम सिस्टरांनी भाऊंना हाक मारली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हरकत आहे."