कारणाचा रकाना

पाऊस सरला की आमच्याकडे घरापुढचं खळं चोपून सारवलं जाई, आणि भात घरात यायच्या आधीचे चार-पाच दिवस त्या खळ्यावर दादाच्या कागदांचा हक्क असे. शेजारच्या खळ्यांत कुठे सुकी मासळी, कुठे गोधड्या. आमच्या खळ्यात चीन वाळत पडायचा.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा. तरुणपणी चार वर्षं तो चीनमध्ये शिकला, मग मुंबईला कॉलेजात त्याने इतिहास शिकवला. छाती अधू झाली तशी नोकरी सोडून धामापूरजवळच्या आमच्या घरी परत आला. लग्न केलेलं नव्हतं. संसार म्हणून आणली ती पत्र्याच्या पट्ट्या मारलेली चहाची सहा खोकी. मालवण बंदरात ती बोटीतून उतरली तेव्हा मास्तर चहाचं दुकान घालणार काय, असं गाडीवानाने मला विचारलं. मी होय म्हणून सांगितलं. सगळ्यांना सगळं समजावत बसायची मला हौस नाही.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेला, सासरी कुणी ठेवून घेतलं नाही, आईवडील आधीच गेलेले. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि सहा खोकी.

खोक्यांत होतं तरी काय? गेल्या शंभर वर्षांत चीनचे बाहेरच्या देशांशी जे करार झाले त्यांच्या नकला, परदेशी वकिलातींतल्या पत्रांचे उतारे, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि बारीक शाईत लिहिलेली दादाची हजारो टिपणं. चीनची बंदरं परक्यांनी एकेक करून कशी उघडून घेतली, हे दादा जेवताना सांगायचा. तिथे जाणारी अफू आपल्याच मुंबईहून गलबतात चढायची, हे सांगताना तो खाली पानात बघायचा, जणू ती त्यानेच चढवली होती. या सगळ्याचं एक मोठं पुस्तक तो मराठीत लिहिणार होता. आपल्या माणसांना शेजारी कळला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पाच वर्षं तब्येतीने दिली तर होईल म्हणायचा.

तळं जवळ, घर मातीचं. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तिथे कागदाची काय कथा. म्हणून दर ऑक्टोबरात हातऱ्या, म्हणजे चटया, पसरून एकेक खोकं उन्हात रिकामं करायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर खाडीतला एक गोटा ठेवायचा, दुपारी सगळं उलटायचं, संध्याकाळी त्याच क्रमाने भरायचं. क्रम चुकला तर दादा रागवत नसे, पण रात्रभर बसून तो पुन्हा लावी. त्याच्यापेक्षा रागावलेला बरा. मी मात्र भरपूर कुरकुर करायची. कोंबड्या हाकलायच्या, वारा आला की धावायचं, आणि भाताला पाणी ठेवायचं राहून जायचं.

त्यात एक पातळ कागद होता, कुंचल्याने लिहिलेला. दादाच्या तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकाचं पत्र. मोठा मजकूर असेल म्हणून मी एकदा विचारलं, तर शिक्षकाने आंब्याची एक कोय पाठव म्हणून लिहिलं होतं. दादाने ती कधी पाठवलीच नव्हती. दर वर्षी तो कागद तो स्वतः उलटायचा.

ते दिवस हिंदी-चिनी भाई-भाईचे. गावाला दादाचं कौतुक होतं. सगळे त्याला चिनी मास्तर म्हणायचे. तळ्याकडे धुणं घेऊन जाणारी शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी थांबून विचारायची, "मास्तरांचो चीन सुकलो काय गो?" दादा आतून हसायचा.

बासष्ट साली पाऊस लांबला. पहिलं खोकं आम्ही खळ्यात घातलं त्याच आठवड्यात सरहद्दीवर लढाई पेटली. शेजारीण धुणं घेऊन आली, गडग्यापाशी थांबली, कागदांकडे तिने पाहिलं आणि तळ्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली. माझी नेमणूक त्या वर्षी कायम व्हायची होती, कागद त्यांच्याच टेबलावर होते. ते म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण लोक बोलतात." एवढंच. मी काय करावं हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी माझं ठरवलं.

घरी आले तेव्हा दादा दुसरं खोकं ओढत पडवीत आणत होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"दादा, ह्या वर्सा कागद भायर घालूया नको. लोक बगतत."

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. तो वाद घालील म्हणून मी वाटभर उत्तरं जुळवत आले होते. ती सगळी तशीच राहिली.

"बरां," तो म्हणाला. "तू म्हणतंस तसां करूया."

आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला नकोत म्हणून सहाही खोकी ओटीवरच्या बाकांवरून उतरवून मागच्या काळोख्या खोलीत, मातीच्या जमिनीवर, भिंतीला लावून ठेवली. वर गोणपाट टाकलं. पोलीस आला नाही, कुणी दगड मारला नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. एवढं सगळं माझ्या एका भीतीने केलं. नेमणूक कायम झाली. त्या दिवशी मी शिरा केला, आणि दादाने तो मागून घेऊन खाल्ला.

पुढच्या ऑक्टोबरात तो काही बोलला नाही. मीही नाही. लढाई थांबून वर्ष होत आलं होतं, कागद उन्हात घातले असते तर कदाचित कुणी पाहिलंही नसतं. पण तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता आणि मी त्याच्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. पुस्तकाचं नाव त्याने काढणं सोडलं. पडवीत बसून तो गठ्ठे बांधायच्या सुतळीच्या गाठी सोडवत राहायचा.

मग उत्तरेकडच्या एका मोठ्या संस्थेतून पत्र आलं. दादाचा जुना विद्यार्थी तिथे कामाला होता. लढाईनंतर चीनविषयी कागद गोळा करायची सगळ्यांना घाई झाली होती. दादाचा संग्रह कायमचा जपून ठेवायला ते तयार होते. दादाने पत्र दोनदा वाचलं आणि तो उठला. इतक्या वर्षांत त्याला इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

गोणपाट ओढलं तेव्हा खोकी चांगली दिसत होती. झाकण मी उघडलं. आत माती होती. वाळवीने भिंतीतून वाट काढून कागदाच्या जागी माती भरली होती. गठ्ठ्याला हात लावला की बोट आत जाई. सहा खोक्यांतून एक सूप भरेल एवढे तुकडे निघाले. आंब्याच्या कोयीचा कागद त्यांत नव्हता. मी तिथेच बसून रडले. दादा भिंतीला हात लावून उभा राहिला, आणि मग त्याने मला पाणी आणून दिलं.

संस्थेने सूचीचा छापील तक्ता पाठवला होता. दादा म्हणाला, यादी तरी जाऊ दे, काय होतं ते तरी कळेल. पंधरा दिवस तो डोळे मिटून सांगत गेला आणि मी लिहीत गेले. खोक्यांतला क्रम त्याला तोंडपाठ होता. शेवटचे दोन रकाने होते, सद्यस्थिती आणि कारण. पहिल्यात मी नष्ट लिहिलं.

"कारण काय लिवू?"

"वाळवी लिव."

"दादा, मी सांगलंय म्हणान..."

"बाय, वाळवी लिव. फुडचां सांगतंय."

आणि त्याने पुढचं सांगितलं. शिक्षकाचं एक पत्र, आंब्याच्या कोयीविषयी. मी त्याच्यापुढेही वाळवी लिहिलं.

पुढच्या पावसाआधी दादा गेला. वर्षभराने मी संस्थेला लिहिलं की सूचीतल्या एका रकान्यात चूक आहे, ती माझी आहे, दुरुस्त करावी. उत्तर सभ्य होतं. दाखल झालेल्या कागदात फेरफार करता येत नाही, असं त्यांनी कळवलं.

म्हणून इथे लिहिते. कागद वाळवीने खाल्ले हे खरं आहे. ते उन्हात घालू नको, असं मी सांगितलं होतं.