उलटी लेन्स

गुरुवारी भोसरीतली वर्कशॉपं बंद असायची. ओव्हरटाइमला गेलो, की गेटबाहेर लोखंडाच्या किसाच्या ढिगाशी एक माणूस हमखास पालथा पडलेला दिसायचा. हातात जुना कॅमेरा, त्याची लेन्स चक्क उलटी, सायकलच्या ट्यूबने आवळलेली.

“राव, लेन्स उलटी लावलीय तुम्ही,” एकदा मी हसलो.

“मुद्दाम. अशी मुंगी मोठी दिसते. नवी लेन्स कुणाला परवडते?” श्वास रोखून तो कोपरांवर जरा पुढे सरकला. “मुंगी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आपणच सरकायचं.”

मग त्याने मलाही शेजारी पालथं पाडलं. कॅमेऱ्याला डोळा लावला, तर लेथवरून मीच झाडून फेकलेला, तापून निळा पडलेला कीस डोंगर झाला होता, आणि मुंगी तो ऐटीत चढत होती.

त्यानंतर कीस झाडताना माझा हात थांबू लागला.

“काय हरवलं रे?” फोरमन ओरडायचा.

“काही नाही. वर कुणी चढतंय का, बघतोय.”