ओवेनची प्रार्थना

नोव्हाय शहरातल्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात पंचवीस वर्षं घालवून नंदा मुजुमदार रिटायर झाल्या आणि ओहायोतल्या एका लहानशा गावात लेकीकडे, नीनाकडे, राहायला आल्या. घरासमोर वेल्श लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेलं चॅपल होतं. आता त्याचं म्युझियम झालेलं. वेल्श बोलणारा म्हणून गावात एकटा ओवेन प्राइस उरला होता, ऐंशी वर्षांचा. दर शनिवारी तो पाहुण्यांना उभं करून वेल्शमध्ये प्रार्थना म्हणायचा. लोक माना खाली घालून ऐकायचे.

नंदाकाकू तिथे व्हॉलंटियर झाल्या. वेळ जाईना, म्हणून फोनवर वेल्श शिकू लागल्या. तिसऱ्या महिन्यात प्रार्थना ऐकताना त्यांचे कान टवकारले. ब्लाउद म्हणजे पीठ. मेनिन म्हणजे लोणी. शुगुर म्हणजे काय, ते शिकायचीही गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "ओवेन, देवाला केक करायला शिकवताय का?"

ओवेन कानापर्यंत लाल झाला. "आजी तव्यावर केक भाजताना हे म्हणायची. माझ्या बापाला तिनं वेल्श शिकवलंच नाही. मला एवढंच येतं. म्युझियमच्या कमिटीला सांगणार का?"

"छे. पण एकट्यानं म्हणता, ते ओकंबोकं वाटतं."

पुढच्या शनिवारी ओवेनचं संपल्यावर काकूंनी हात जोडले, डोळे मिटले आणि धीरगंभीर आवाजात पोह्यांची कृती म्हटली. "पोहे भिजवून निथळत ठेवावेत. मोहरी तडतडू द्यावी..."

"आमेन," ओवेन म्हणाला. मागे एका बाईंनी डोळे पुसले.

उन्हाळाभर हे बिनबोभाट चाललं. सप्टेंबरात मात्र वेल्सहून एक शिक्षिका न कळवता आली. पीठ झालं, लोणी झालं, तसे तिचे खांदे हलायला लागले. नंतर ती सरळ ओवेनपाशी गेली.

"जायफळ विसरलात तुम्ही."

ओवेन मटकन बाकावर बसला आणि त्यानं आजीचं सगळं सांगून टाकलं. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्याकडून तेच पुन्हा म्हणवून घेतलं, उच्चार नीट करून दिले. मग काकूंकडे वळली. "आणि तुमचं?"

"न्याहारी," काकू वेल्शमध्ये म्हणाल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी काकूंकडे ओवेनची वेल्शची शिकवणी असते. गुडघा दुखतोय, असं तो दारातूनच सांगतो.

"क्रियापदं तोंडानं म्हणायची असतात," काकू म्हणतात, आणि वही उघडतात.