रिकाम्या टँकरचं माप

"तू भाईर थांब. ह्यो कागद तुझ्या हाताचा न्हाई," मालक म्हणाले.

मी दाराबाहेर थांबलो. आत मुंबईहून आलेले वकील बसले होते. त्यांच्यापुढं मालकांचा पेटंटचा अर्ज होता. अर्जातली वस्तू मी केली होती. मी एकट्यानं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दोन सालं पाऊस नव्हता. मालकांच्या कारखान्यात आम्ही पाण्याचे टँकर बांधायचो. माझं गाव मुखेडकडचं. टँकर आधी गावात, मग शेवटी आमच्या बौद्ध वस्तीत. वस्ती उतारावर. चाकामागं दगड टाकला की ड्रायव्हर मोकळा. एकदा दगड सरकला आणि माझ्या आक्काचा पाय चाकाखाली गेला. त्यानंतर जेवणाच्या सुटीत बसून मी लोखंडी पाचर केली. टँकरच्या सांगाड्याला दांड्यानं टांगलेली. साखळी सोडली की चाकामागं पडायची.

मालकांनी ती पाहिली, तिचं चित्र काढून घेतलं. दांड्याला बोल्टसाठी मी लांबट खाच पाडली होती. ते हसले. "भोक बी नीट पाडता येईना व्हय रं तुला?" चित्रात त्यांनी ते गोल करून घेतलं.

आता वकील पेटंट ऑफिसचं पत्र वाचत होते. "ते म्हणतात, वर्णन अपुरं आहे. हे वाचून जाणकार फिटरलाही चालणारी वस्तू करता येणार नाही. पाणी कमी झालं की टँकर वर उठतो. मग पाचर जमिनीवर कशी टेकून राहते?"

मालकांनी दाराकडं पाहिलं. त्यांनी माप घेतलं होतं रिकाम्या टँकरचं. भरलेला टँकर दबतो आणि घागरी भरत जातील तसा चार बोटं वर येतो, हे घरात नळ असलेल्या माणसाला कुठून ठाऊक? सांगाडा उठला की बोल्ट खाचेत वर सरकावा, पाचर हलू नये, म्हणून ती खाच होती.

"ए, तिथूनच सांग सायबाला," मालक म्हणाले.

मी आत गेलो. मॅट्रिक होतो, आयटीआय केलं होतं. अर्ज हातात घेऊन वाचला. शोधकाच्या रकान्यात मालकांचं नाव. डोकं भणाणलं. कागद टेबलावर दाबून धरला.

"हितं माझं नाव लिवा. मग सांगतो."

"खाल्ल्या मिठाला जाग जरा."

"फुकट न्हाई खाल्लं, मालक. काम केलंय."

वकील मान खाली घालून म्हणाले, "खरा शोधक हा असेल, तर नाव याचंच लागेल."

"उद्यापासून येऊ नको," मालक मला म्हणाले. वकिलांकडं त्यांनी पाहिलंही नाही.

मी निघालो. भीती होती, ती नाकारत नाही. घरी आक्का होती, चूल होती. पण मनात एक गोष्ट पक्की झाली. कुठल्याही ड्रायव्हरनं विचारलं, तर ती खाच मी मातीत रेघा ओढून दाखवीन, हातानं पाडून देईन. मालकांच्या अर्जासाठी मात्र एक शब्द सांगणार नाही. आणि त्यांनी तो तसाच पुढं रेटला, तर मी लेखी हरकत घेईन. खाली सही करीन ती पूर्ण नावाची, आडनावासकट.